जमिनीत सापडलेली लष्करी वस्तू ओळखायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेटल डिटेक्टर वाजतो, आपण खणतो आणि हातात हिरवट बटण, शिशाचा गोळा नाहीतर गंजून फुगलेला लोखंडाचा तुकडा येतो. पुढचे प्रश्न बहुतेकांचे सारखेच असतात. त्यांचा क्रम मी माझ्या मताप्रमाणे लावला आहे: आधी जीव, मग वस्तू आणि किंमत अगदी शेवटी.

खड्ड्यात काहीतरी दिसतंय. उचलू का?

थांबा, आधी नुसतं बघा. नाण्याएवढी किंवा बटणाएवढी वस्तू असेल तर ती खड्ड्यात असतानाच एक फोटो घ्या, खोली मोजा, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपा आणि मग उचला. अंगठ्याने माती पुसायचा मोह होतो, तो आवरा. वस्तू मुठीपेक्षा मोठी असेल, लोखंडी असेल आणि तिला निमुळतं टोक, पंख, पितळी टोपी, स्क्रूचं बूच किंवा तांब्याचा पट्टा दिसत असेल, तर हात मागे घ्या आणि पुढचा प्रश्न वाचा.

वस्तूत स्फोटकं आहेत की नाही, हे कसं कळेल?

ते तुम्ही ठरवायचंच नाही. "शंभर वर्षं ओल्या मातीत पडलंय, आता काय फुटणार" हे वाक्य या छंदातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. बाहेरचं लोखंड गंजतं, आतली दारू मात्र टिकते. काही वेळा ती आधीपेक्षा नाजूकही होते. पहिल्या महायुद्धातल्या अनेक तोफगोळ्यांत पिक्रिक आम्ल भरलेलं असे. त्याची धातूशी प्रक्रिया होऊन जे क्षार बनतात ते घर्षणानेही पेटू शकतात. फ्रान्स आणि बेल्जियमच्या शेतांत आजही दरवर्षी नांगराला असे गोळे लागतात. तिथले शेतकरी याला 'लोखंडी पीक' म्हणतात आणि ते उचलायला सैन्याचं खास पथक येतं. त्यातल्या काही गोळ्यांत विषारी वायूचं द्रव्य असतं. म्हणून "आत काही हलतंय का" हे बघायला गोळा कानाशी धरून हलवणाऱ्याला मी शूर म्हणणार नाही.

तांब्याच्या पट्ट्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे लोक उलटा अर्थ लावतात. तोफगोळ्याच्या बुडाजवळ मऊ तांब्याचं कडं असतं. गोळा तोफेतून सुटताना नळीतले पेच त्या कड्यात रुततात आणि त्यावर तिरप्या खाचा उमटतात. खाचा दिसल्या की माणूस म्हणतो, "झाडून झालाय, म्हणजे निरुपद्रवी." खरं तर झाडलेला गोळा अखंड सापडला याचा अर्थ तो फुटायचा राहिला. त्याचा फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारी कळ, उड्डाणातच सज्ज झालेला असू शकतो. गुळगुळीत कड्याच्या, न झाडलेल्या गोळ्यापेक्षा हा जास्त धोक्याचा.

जुन्या काळ्या दारूवरही विश्वास ठेवू नका. २००८ साली अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये यादवी युद्धातला एक नाविक तोफगोळा साफ करताना फुटला आणि अनुभवी संग्राहकाचा जीव गेला. गोळा तेव्हा जवळपास दीडशे वर्षांचा होता.

शंका आली की एवढंच करायचं: खणणं थांबवा, वस्तू हलवू नका, जागेवर लांबून दिसेल अशी खूण ठेवा, आल्या वाटेने मागे जा आणि पोलिसांना कळवा. गाडीच्या डिकीत घालून पोलीस ठाण्यात नेणारेही असतात. त्यांना बघून ठाण्यातल्या माणसांची काय अवस्था होत असेल, ती कल्पनाच केलेली बरी.

एक कमी माहितीचा धोकाही आहे. विमानातली जुनी उपकरणं आणि लष्करी होकायंत्रं यांच्या तबकड्यांवर अंधारात दिसावं म्हणून रेडियमचा रंग लावत. चमक कधीच संपलेली असते, किरणोत्सर्ग संपलेला नसतो. अशी तबकडी खरवडू नका, तिची काच उघडू नका.

घरी आणली. धुऊ का?

शक्यतो नको. निदान ओळख पटेपर्यंत तरी नको. मी सुरुवातीच्या दिवसांत एका बटणाला लिंबू आणि मिठाने घासून चकाकी आणली होती. चकाकी आली आणि सोन्याचा मुलामा गेला. बटण अधिकाऱ्याचं होतं हे त्या मुलाम्यावरून कळलं असतं, ते नंतर फक्त जुन्या फोटोत उरलं.

पितळ आणि तांब्यावरचा गुळगुळीत हिरवा थर हा त्या धातूची कातडी असतो. अक्षरं पुष्कळदा त्या थरातच टिकलेली असतात, खालच्या धातूत नाही. ऊर्ध्वपातित पाणी, दात कोरायची लाकडी काडी आणि मऊ ब्रश, एवढ्यावर भागवा. पोपटी, भुसभुशीत, पावडरीसारखे ठिपके दिसले तर तो चालू असलेला रोग आहे. वस्तू कोरडी ठेवा आणि धातुसंवर्धन करणाऱ्याला दाखवा. शिशावरची पांढरी भुकटी विषारी असते, तेव्हा हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा. लोखंडाची गोष्ट अवघड आहे. ते मातीतून बाहेर येऊन सुकायला लागलं की पापुद्रे सुटतात. लोखंडी वस्तू मातीच्या गोळ्यासकट पिशवीत ठेवून जाणकाराकडे नेणं हेच त्यातल्या त्यात शहाणपणाचं. विजेच्या साहाय्याने गंज काढण्याचे व्हिडिओ पाहून पहिला प्रयोग आपल्या एकुलत्या एका वस्तूवर करू नका.

वस्तू लष्करीच आहे हे कशावरून ठरवायचं?

गृहीत धरून चालू नका. लष्करी म्हणून आणलेल्या वस्तूंमध्ये घोड्याच्या सरंजामाची पितळी कडी, कपाटाची मूठ, दिव्याची टोपी, नांगराचा सुटा भाग आणि मासेमारीची शिशाची वजनं हमखास असतात. बटणांत रेल्वे, टपाल, अग्निशमन दल, शाळा आणि श्रीमंत घराण्यांच्या नोकरांचे गणवेश येतात. शेवटच्या प्रकारावर सिंह, हात, पक्षी, मुकुट असं काय वाटेल ते असतं आणि ते फार ऐटबाज दिसतं. सैन्याचं बटण त्यामानाने रुक्ष असतं: क्रमांक, नाव, एखादं ठरलेलं चिन्ह.

म्हणून आधी चार गोष्टी लिहून काढा: धातू कोणता, माप किती मिलिमीटर, वजन किती ग्रॅम, बनवलं कसं (ओतलेलं, ठोकलेलं, की दोन पत्रे जोडलेलं). चिन्हाकडे त्यानंतर बघा. उलट क्रमाने गेलात तर डोळ्यांना जे हवं तेच दिसतं. अर्ध्या झिजलेल्या फुलात गरुड पाहणारे मी पाहिलेत, आणि त्यांत एकदा मीही होतो.

बटण सापडलंय. त्यावर फक्त आकडा आहे. याचा अर्थ काय?

समजा बटण राखाडी आहे, सपाट आहे, कथील आणि शिशाच्या मिश्रधातूचं आहे, मागे ओतीव कडी आहे आणि पुढे ३३ हा आकडा. टॉर्च खोलीतल्या अंधारात बटणाच्या अगदी कडेला, जवळजवळ आडवी धरा. समोरून न दिसणारी आकड्याभोवतीची किनार एकदम उठून दिसेल. बटण हळूहळू फिरवा, प्रत्येक कोनातून वेगळी रेघ उजेडात येते.

आता हिशेब करू. ब्रिटिश पायदळात पलटणीचा क्रमांक बटणावर घालायचा नियम १७६७ मध्ये आला. साध्या शिपायांची बटणं या राखाडी मिश्रधातूची असत, ती १८५५ मध्ये पितळेची झाली. १८७१ मध्ये शिपायांसाठी राजचिन्हाचं एकच सामाईक बटण आलं. म्हणजे राखाडी आणि क्रमांकाचं बटण १७६७ ते १८५५ मधलं, पितळी आणि क्रमांकाचं शिपायाचं बटण त्यानंतरच्या सोळा वर्षांतलं. १८८१ च्या फेररचनेत क्रमांक मागे पडले आणि पलटणींना प्रांतांची नावं मिळाली. नुसत्या धातूने आणि आकड्याने एवढी गोष्ट सांगितली, अजून नक्षीकडे आपण गेलोही नाही.

एक सावधगिरी बाळगा. आकडे नेपोलियनच्या फ्रेंच पायदळाच्या बटणांवरही असतात. आकड्याभोवतीची किनार आणि मागची बाजू जुळवून पाहिल्याशिवाय देश ठरवू नका. अमेरिकी अधिकाऱ्यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या बटणांवर गरुडाच्या छातीवरच्या ढालीत एक अक्षर असे: 'आय' म्हणजे पायदळ, 'सी' म्हणजे घोडदळ, 'ए' म्हणजे तोफखाना.

मागची बाजू तर हमखास बघा. तिथे कारखान्याचं नाव असू शकतं, कधी पत्ताही. लंडनच्या फर्मिनसारख्या जुन्या कारखान्यांनी वेळोवेळी पत्ते आणि नावं बदलली, त्यामुळे मागच्या ओळीवरून बटणाचा काळ पुढच्या चित्रापेक्षा नेमका निघतो. मात्र 'ट्रेबल गिल्ट' (तिहेरी मुलामा) किंवा 'बेस्ट क्वालिटी' हे कारखान्याचं नाव नाही, ती जाहिरात आहे. ती नागरी बटणांवरही सर्रास असते.

मुकुट, बाण यांवरून काय कळतं?

ब्रिटिश मुकुटावरून बऱ्यापैकी कळतो. वरच्या कमानी घुमटासारख्या सलग गोल असतील तर तो ट्यूडर मुकुट, साधारण १९०१ ते १९५२. कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतील तर एलिझाबेथ राणीचा काळ, म्हणजे १९५२ नंतर. व्हिक्टोरियाच्या मुकुटालाही मध्ये खळगी असते, तिथे गोंधळ होतो. तेव्हा सोबत राजाची किंवा राणीची आद्याक्षरं आहेत का ते शोधा. २०२२ मध्ये चार्ल्स राजाने पुन्हा ट्यूडर मुकुट निवडला, म्हणून चकचकीत नव्या बिल्ल्यावर जुना मुकुट दिसला तर चक्रावून जाऊ नका.

रुंद टोकाचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालकीची खूण. तो 'सी' अक्षराच्या पोटात असेल तर वस्तू कॅनडाची, दोन 'डी'च्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलियाची. बाण म्हणजे सरकारी माल, एवढंच. तो कात्रीवर आणि चमच्यावरही असतो.

शिशाची गोल गोळी सापडली. कोणत्या बंदुकीची?

इथे तराजू सगळ्यात उपयोगी. आपटून चपटी झालेली गोळी मोजपट्टीने मोजता येत नाही, पण वजन फारसं बदललेलं नसतं. वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याचं घनमूळ काढा आणि ५.५ ने गुणा. गोळीचा मूळ व्यास मिलिमीटरमध्ये साधारण निघतो. २७ ग्रॅमची गोळी घ्या: घनमूळ ३, गुणिले ५.५, म्हणजे १६.५ मिलिमीटर. हे माप फ्रेंच शार्लव्हिल मस्केटच्या, म्हणजे तोंडाकडून ठासायच्या जुन्या बंदुकीच्या, घरातलं. ब्रिटिश 'ब्राउन बेस' मस्केटच्या गोळ्या पौंडाला चौदा या हिशेबाने ओतत, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅमची एक, व्यास साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास. मातीत शिसं थोडं झिजतं, तेव्हा उत्तर दशांशापर्यंत ताणू नका.

वजन ११ ग्रॅम आणि व्यास १२ ते १३ मिलिमीटर निघाला तर बंदूक विसरा. ती श्रापनेलची, म्हणजे हवेत फुटून गोळ्यांचा मारा करणाऱ्या तोफगोळ्यातली, गोळी असण्याची शक्यता जास्त. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश १८ पौंडी तोफेच्या एका श्रापनेल गोळ्यात अशा ३७५ गोळ्या भरलेल्या असत आणि पौंडाला ४१ बसत. त्या शिसं आणि अँटिमनीच्या, म्हणून नखाने सहज ओरखडा उठत नाही. एकमेकींना दाबून बसल्यामुळे अंगावर छोटे सपाट डाग असतात. असं काही सापडलं की तिथल्या मातीत त्यांचे मोठे भाऊही असू शकतात, हे ध्यानात ठेवून खणा.

टोकदार, मागे पोकळ खळगा असलेली शिशाची गोळी म्हणजे मिनिए पद्धतीची, १८४९ नंतरची. झाडताना मागचा खळगा फाकतो आणि गोळी नळीच्या पेचांना घट्ट बसते. १८५७ च्या काडतुसांचा वाद ज्या एन्फिल्ड रायफलीमुळे पेटला, तिची गोळी याच घराण्यातली. अंगावर तीन आडव्या खाचा असतील तर अमेरिकी यादवी युद्धाचा विचार करा.

गोळीवर दातांचे व्रण आहेत? "शस्त्रक्रियेच्या वेळी जखमी सैनिकाने दातांत धरलेली गोळी" ही कथा विकणाऱ्याला आवडते. बहुतेक व्रण डुकरांचे असतात.

काडतुसाच्या पुंगळीच्या बुडावरची अक्षरं कशी वाचायची?

आधी खात्री करा की ती रिकामी पुंगळीच आहे. पुढे गोळी बसलेली असेल तर ते जिवंत काडतूस. मधल्या टोपीवर पिनेचा खड्डा असूनही गोळी जागेवर असेल तर ते न उडालेलं काडतूस, म्हणजे तेही जिवंतच. ते घरी न नेता पोलिसांना सांगा.

रिकामी असेल तर लांबी आणि बुडाचा व्यास मोजा. ५६ मिलिमीटर लांब आणि बाहेर आलेली कड सुमारे १३.७ मिलिमीटरची असेल तर ब्रिटिश पॉइंट ३०३ रायफलीची. ५७ मिलिमीटर लांब, पण कड बाहेर न येता खाच असलेली, बूड सुमारे १२ मिलिमीटर, तर जर्मन माउझर. ५४ च्या आसपास लांब आणि १४ मिलिमीटरहून रुंद कड, तर रशियन. ६३ मिलिमीटर असेल तर अमेरिकी थर्टी-ऑट-सिक्स. मातीतल्या पुंगळीचं तोंड मोडलेलं असतं, त्यामुळे लांबीपेक्षा बुडावर भरवसा ठेवा.

अक्षरांमध्ये साधारणपणे कारखाना आणि वर्ष असतं. नुसता 'के' म्हणजे बर्मिंगहॅमचा कायनॉक. 'के एफ' म्हणजे खडकीचा कारखाना. ब्रिटिश साम्राज्याची फौज जिथे जिथे लढली तिथे ही अक्षरं मातीत सापडू शकतात. 'डी आय' म्हणजे डमडम. 'एल सी' हा अमेरिकेतला लेक सिटी. सोव्हिएत पुंगळ्यांवर नाव नसून कारखान्याचा आकडा असतो, उदाहरणार्थ १७ म्हणजे बर्नाउल आणि १८८ म्हणजे नोवोसिबिर्स्क. रोमन सात दिसला तर ती १९१० मध्ये आलेली पॉइंट ३०३ ची सातवी आवृत्ती. वर्ष पुंगळी बनल्याचं असतं, झाडल्याचं नव्हे. १९१६ चा माल १९४० मध्येही सरावाला वापरला जाई.

सैनिकाची ओळखपट्टी सापडली आहे.

मग हा नुसता छंद राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पट्टी लंबगोल, मध्ये छिद्रांची रांग असलेली असते. दोन्ही अर्ध्यांवर तीच माहिती असते. सैनिक मेला की खालचा अर्धा तोडून न्यायचा आणि वरचा मृतदेहाबरोबर ठेवायचा, अशी रीत होती. म्हणून अर्धी पट्टी सापडणं आणि अख्खी सापडणं यांत मोठा फरक आहे. अख्खी पट्टी हरवलेलीही असू शकते, पण तिचा मालक तिथेच, कोणालाही न कळता पडलेला असू शकतो. आजूबाजूला हाड दिसलं तर फावडं खाली ठेवा आणि पोलिसांना बोलवा. पट्टी वाकवून सरळ करू नका. जस्ताची असेल तर ती बिस्किटासारखी मोडते.

त्या पट्टीवर नाव नसतं, तुकडी आणि क्रमांक असतो. नाव शोधायचं काम जर्मन संघराज्याच्या अभिलेखागाराचं. २०१९ पासून सैनिकांच्या नोंदी तिथे आहेत. ब्रिटिश आणि राष्ट्रकुलाच्या सैनिकांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन आहे. ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धात ओळखपट्टी म्हणून दाबलेल्या तंतूंच्या चकत्या दिल्या, त्या मातीत कुजतात. म्हणून त्यांचे कितीतरी सैनिक निनावी राहिले.

अमेरिकी पट्टीच्या कडेची खाच मृताच्या दातांत अडकवण्यासाठी होती, ही ऐकीव गोष्ट आहे. छापयंत्रात पट्टी नीट बसावी म्हणून ती खाच होती.

मोठा लोखंडी गोळा सापडला. तोफगोळाच ना?

भोक किंवा बूच दिसत असेल तर वरचा धोक्याचा प्रश्न पुन्हा वाचा. काहीच दिसत नसेल तरी गंजाखाली बूच झाकलेलं असू शकतं, म्हणून आधी पोलिसांना कळवून बॉम्बनाशक पथकाला जागेवरच दाखवा. त्यांनी निर्धोक म्हटल्यावर मोजा. ६ पौंडी भरीव गोळा सुमारे ९१ मिलिमीटर व्यासाचा आणि पावणेतीन किलोच्या आसपास भरतो. माप आणि वजन कोणत्याच तोफेला जुळत नसेल तर खनिज दळायच्या गिरणीतले गोळे आठवा. "तोफगोळा" म्हणून येणाऱ्यांपैकी पुष्कळ तेच असतात, उरलेल्यांत खेळातला गोळाफेकीचा गोळा.

जागा टिपून ठेवण्याचा एवढा आग्रह का?

अमेरिकेतली १८७६ ची लिटल बिगहॉर्नची लढाई घ्या. १९८३ मध्ये तिथलं गवत वणव्यात जळालं आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांना घेऊन डिटेक्टर फिरवले. प्रत्येक पुंगळीची जागा नकाशावर मांडली. पिनेचा ठसा प्रत्येक बंदुकीचा वेगळा, म्हणून एकच बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली हे त्यांना दिसू लागलं. त्याच पुंगळ्या कोणी आधी खिशात भरून नेल्या असत्या तर त्या नुसत्या पुंगळ्या राहिल्या असत्या.

इंग्लंडमधल्या बॉसवर्थची लढाई तर लोक चुकीच्या टेकडीवर दाखवत होते. २००५ नंतरच्या शोधात शिशाचे तोफगोळे आणि चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला रानडुकराचा छोटा बिल्ला सापडला. रानडुक्कर ही तिसऱ्या रिचर्डची खूण. हे सगळं त्या टेकडीपासून सुमारे ३ किलोमीटर दूर. जर्मनीत काल्क्रीझला १९८७-८८ मध्ये एका हौशी ब्रिटिश अधिकाऱ्याला रोमन नाणी आणि मग गोफणीच्या शिशाच्या गोळ्या मिळाल्या. त्याने त्या पुरातत्त्व खात्याला दाखवल्या. इ.स. ९ मध्ये तीन रोमन लिजन (सैन्याच्या मोठ्या तुकड्या) जिथे संपल्या त्या लढाईशी आज ते ठिकाण जोडलं जातं. नाण्यांपेक्षा मला त्या गोळ्या मोठ्या वाटतात. नाणं व्यापाऱ्याच्या खिशातूनही पडतं, गोफणीची गोळी बहुधा सैनिकाचीच.

कायद्याचं काय?

देशागणिक वेगळा, आणि "माहीत नव्हतं" हे चालत नाही. फ्रान्समध्ये पुरातन वस्तू शोधायला डिटेक्टर वापरायचा तर सरकारी परवानगी लागते. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांत तो चालवायला बंदी आहे. ब्रिटनमध्ये पडलेल्या लष्करी विमानाचे अवशेष १९८६ च्या कायद्याने संरक्षित आहेत, परवान्याशिवाय हात लावता येत नाही. जमीनमालकाची संमती कुठेही घ्यायचीच, आणि लेखी.

जाणकाराला फोटो पाठवायचा तर कसा?

पुढून, मागून, कडेने. शेजारी मोजपट्टी, नाणं नको, कारण समोरच्याला तुमचं नाणं ठाऊक नसतं. फ्लॅश बंद, उजेड तिरपा. सोबत वजन, माप, धातू आणि खोली लिहा. तुमचा अंदाज आधी सांगू नका. "हा नेपोलियनचा बिल्ला आहे का?" असं विचारलं की समोरचाही नेपोलियनच शोधू लागतो.

विकली तर किती येतील?

बहुतेक वेळा फारच थोडे. झिजलेली बटणं आणि गोळ्या ढिगाने सापडतात. मात्र वस्तू कुठे, किती खोल, कशाशेजारी मिळाली याची चिठ्ठी सोबत असेल तर स्थानिक संग्रहालय तीच वस्तू आनंदाने बघतं.

सगळं करून पाहिलं, तरी ओळख पटत नाही.

होतं असं. माझ्या कपाटात एक पितळी चाप बारा वर्षं "बहुधा पट्ट्याचा" अशा चिठ्ठीसह पडून होता. तो पाण्याच्या बाटलीच्या पट्ट्याचा निघाला. त्याच शेतात सापडलेला दुसरा, अखंड चाप एकाने आणून दाखवला तेव्हा कळलं. न ओळखलेली वस्तू हवाबंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते.